नाव घातलेला डबा

"तुझा स्वतःचा नंबर नाही लागला ताई, म्हून माझ्या पोरीचं पुण्याले जाणं तुले पाहावत नाही."

अमोल हे बोलला आणि स्वयंपाकघरातले सगळे हात जागच्या जागी थांबले. कोपऱ्यात कांदे चिरत बसलेल्या शालिकरामची विळी थांबली, दाराशी उभ्या असलेल्या आचलने मान खाली घातली, आणि सुभद्राच्या हातातला कणकेचा उंडा हातातच राहिला. तव्यावरची पोळी मात्र कोणाच्या भांडणासाठी थांबत नसते. ती करपली, आणि त्या वासानेच सुभद्रा भानावर आली.

नंबर लागला नाही... एकोणतीस वर्षं हे वाक्य ती ऐकत आली होती. लग्नाकार्यात पंगती उठल्या, पान-सुपारी झाली, की अमोलचा हा ठरलेला विनोद असे: "आमची ताई मोठी हुशार, पण अकोल्याले गेली अन् भाकर खाऊन परत आली!" सगळे हसत, सुभद्राही हसे. पण आज त्या शब्दांत विनोद नव्हता. पाठच्या भावाने, जो तिचं बोट धरून मोठा झाला त्याने, तिला मत्सरी ठरवलं होतं, तेही तिच्या नवऱ्यासमोर आणि लाडक्या भाचीसमोर.

गोष्ट साधी होती, पण साध्या गोष्टीच घराला तडा देतात. अमरावतीला गाडगेनगरात सुभद्रा आणि शालिकराम पोरांची मेस चालवत. शालिकराम एसटीत कंडक्टर होता; गुडघ्यांनी दगा दिल्यावर तिकिटं फाडायची सोडून कांदे चिरायला बसला. त्यांना मूलबाळ नव्हतं. जी काय माया होती ती आचलवर. त्या आचलला यंदा बारावीनंतर शेतकीच्या पदवीसाठी दोन ठिकाणी प्रवेश मिळत होता. एक पुण्याचं खाजगी विद्यापीठ, काचेच्या इमारतीचं. चार वर्षांचा खर्च चौदा लाख. दुसरं अकोल्याचं सरकारी कृषी महाविद्यालय, जिथली चार वर्षांची फी पुण्याच्या एका सहामाहीतही मावली असती. पुण्यासाठी बँक कर्ज द्यायला तयार होती. अट एकच, धामणगाव रेल्वेचं वडिलांचं घर तारण पाहिजे. ते घर बहीण-भावाच्या दोघांच्या नावावर होतं, म्हणून सुभद्राची सही हवी होती. आणि अकोल्याला हजर व्हायची मुदत उद्या, सोमवारी संपत होती.

"मी फक्त इतकंच म्हनलं," सुभद्रा हळूच बोलली, "का पोरीचा पहिला पगार यायच्या आधी बँकेचा मानूस दारात येऊन उभा राहीन. डिगरी तीच आहे न रे दोन्हीकडं."

"डिगरी तीच असते, पण मान तोच नसतो. मी डिप्लोमा घेऊन पुण्यात इंटरव्ह्यूले बसलो होतो ताई. मी 'मले' म्हनलं अन् समोरचे तिघं एकमेकांकडं पाहून हसले. माझ्या पोरीले कोनी हसलेलं मले चालनार नाही. मग मी घर विकीन, नाहीतर किडनी विकीन."

"किडनीले गिऱ्हाईक पाह्य आधी," शालिकराम पुटपुटला. पण सुभद्राने नुसतं पाहिलं, आणि तो कांद्यांकडे वळला.

तिने पदराला हात पुसले, भावाच्या हातातला कागद घेतला, पोळपाटाशेजारीच टेकवला, आणि पिठाळलेल्या बोटांनी सही केली. सु-भ-द्रा... एकेक अक्षर लिहिताना तिला वाटलं, हे आपण पूर्वी एकदा केलं आहे. तेव्हा कागद नव्हता, एवढाच फरक.

"घे. पोरीचं सोनं होऊ दे."

अमोल कागद घेऊन निघाला. दारात क्षणभर अडखळला, काहीतरी बोलावंसं त्याला वाटलं असावं. पण अभिमान फार वाईट. मोटारसायकलचा आवाज गल्लीच्या तोंडाशी विरून गेला.

आचल मात्र थांबली. आत्याच्या डोळ्यांकडे न पाहता म्हणाली, "मी करू काही मदत?"

"माळ्यावरचं मोठं पातेलं काढ. रविवारची गर्दी आहे."

पोरगी शिडी लावून वर चढली. पातेलं निघालं, पण त्याच्या मागून जुन्या पंच्यात गुंडाळलेला एक तीनपुडी स्टीलचा डबाही निघाला. आचलने सहज पंचा सोडला. झाकणावर, भांड्यांच्या दुकानात यंत्राने कोरतात तशा थरथरत्या अक्षरांत लिहिलं होतं: 'कु. सुभद्रा हिस, कृषी महाविद्यालय, अकोला. बाबांकडून. १९९६.'

शिडीवर उभ्या उभ्याच तिने ते दोनदा वाचलं. "आत्या... तुझा तर नंबर लागला नव्हता न?"

सुभद्राने गॅस बारीक केला. आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. एवढी वर्षं उरात दाबून ठेवलेलं ते सारं ती सांगू लागली... आणि तिच्यासमोर धामणगावचा तो श्रावण उभा राहिला.

तिचे वडील सूर्यभान गावंडे बाजार समितीत मापारी होते. आलेल्या धान्याचं वजन करायचं, आणि काटा स्थिर होईपर्यंत श्वासही सोडायचा नाही, असा माणूस. भांड्यांवर नाव घालायची त्यांना भारी हौस. घरातला तांब्यासुद्धा कोणाकडून कोणाला, हे सांगितल्याशिवाय पाणी देत नसे! अकोल्याच्या यादीत मुलीचं नाव दिसलं तसे ते तडक भांड्यांच्या दुकानात गेले. दुकानदार म्हणाला, "आधी भरती होऊ द्या मापारी, मग नाव टाका." पण बापाला धीर कुठला? डबा घेऊन ते मुख्य रस्त्याने, मुद्दाम झाकण उन्हात चमकवत घरी आले होते. अमोल तेव्हा मामाकडे होता; तो परतला तोवर घरात बाबांच्या दुखण्याशिवाय दुसरा विषय उरला नव्हता.

आणि आठच दिवसांत पोत्यांच्या थप्पीवरून पडून त्यांची कंबर गेली. त्याच आठवड्यात अमोलचा वर्ध्याच्या पॉलिटेक्निकला नंबर लागला. एकाची सोय झाली असती, दोघांची होत नव्हती. कोणी कोणाला काही बोललं नाही. आई भाकरी थापत राहिली, बाबा आढ्याकडे पाहत राहिले, आणि अमोल नवी वही छातीशी धरून झोपला. ती वही पाहून सुभद्राने ठरवलं.

तरी प्रवेशाच्या दिवशी बाबा कमरेला पट्टा बांधून निघालेच. पॅसेंजरमध्ये बडनेरा गेलं, मूर्तिजापूर गेलं, बापलेक खिडकीबाहेरच पाहत राहिले. अकोल्याला महाविद्यालयाच्या आवारात मोठमोठी झाडं होती, ओळीने लावलेल्या वाफ्यांवर पाट्या होत्या, आणि ओल्या मातीचा वास असा होता की तिला तिथेच बसून राहावंसं वाटलं. ती रांगेत उभी राहिली. खिडकीपाशी दोनच मुलं पुढे उरली, तेव्हा ती रांगेतून निघाली आणि बाहेर येऊन म्हणाली, "बाबा, नंबर नाही लागला."

"आजोबांना खरं वाटलं?" शिडी उतरत आचलने विचारलं.

"छटाकभर झुकलं तरी ज्याले समजे, त्या मानसाले नाही समजनार? माझ्या तोंडाकडं पाहत राहिले. मग 'बरं' म्हनले. स्टेशनावर बसून आमी दोघांनी ह्याच डब्यातली भाकर खाल्ली. घरी येऊन सगळ्यायले त्यायनंच सांगतलं, नंबर लागला नाही म्हून. दुसऱ्या दिवशी डबा घेऊन दुकानात गेले, नाव काढून द्या म्हनले. दुकानदार म्हनला, कोरलेलं निघत नाही मापारी. मग मीच तो पंच्यात गुंडाळला, अमोलच्या नजरेले कधी पडू देला नाही."

बाबांचा शेवट तिला आठवला. श्वास लागलेला, आणि तिचा हात हातात. 'सुबे, जिंदगीभर बाजारात मापात पाप नाही केलं... घरात केलं.' हे तिने आजवर फक्त शालिकरामला सांगितलं होतं.

"पप्पांना का नाही सांगितलं?"

"सांगतलं असतं तर त्यानं वही ठेवून देली असती. अन् तू सांगशील तर माझी आन आहे तुले. एक शब्द नाही काढायचा." मग स्वतःशीच बोलल्यासारखी ती म्हणाली, "खरं सांगू पोरी? मलेच समजून नाही राहिलं. तुले अकोल्याले जा म्हनते ते तुझ्यासाठी, का माझं राहिलं म्हून... अमोल म्हनते त्यात थोडंसं खरंही असंन."

यावर आचलने आत्याला मिठी मारली. दुपारी पोरांच्या पंगती बसल्या, वाढता वाढता सुभद्राला मान वर करायला सवड मिळाली नाही, आणि आचल कधी घरी गेली ते कळलंही नाही. संध्याकाळी तिने पाहिलं, फळीवर नुसता पंचा घडी घालून ठेवला होता.

आचलने शब्द पाळला. तोंडातून अवाक्षर काढलं नाही. तिने फक्त आत्याने केलेली वांग्याची भाजी त्या डब्यात भरून नेली, आणि बापाच्या ताटासमोर झाकण वर येईल असा तो डबा ठेवला.

सोमवारी पहाटे मेसची पहिली कणीक भिजत होती, तेव्हा अमोल दारात उभा राहिला. हातात डबा होता. डोळे सुजलेले, दाढी वाढलेली. दोन मुलांचा बाप, पण सुभद्राला तो सोळा वर्षांचा, वही छातीशी धरलेला दिसला.

"ताई, पोट्टी काही बोलत नाही. तू सांग. हे काय आहे?"

"जुनं भांडं आहे."

"ताई..." तो उंबऱ्यावरच बसला. "तुझा नंबर लागला होता... बाबाले माहीत होतं?"

सुभद्राने होकाराची मान हलवली.

"आईले?"

"तिलेही असंन. तिनं कधी इचारलं नाही."

"म्हंजे सगळ्या घराले माहीत होतं, अन् मी एकटा... मी लग्नालग्नात तुझी टर उडवत फिरलो. तुझ्या पैशावर शिकलो नाही ताई, तुझ्या जागेवर शिकलो. अन् काल तुले म्हनलं..." पंचेचाळीस वर्षांचा तो माणूस बहिणीच्या पायांवर डोकं ठेवून लहान पोरासारखा रडू लागला. सुभद्राच्या कणकेच्या हातांनी त्याचे केस पांढरे झाले, पण तिने हात काढला नाही. तिच्याही डोळ्यांतून एकोणतीस वर्षं थोपवलेलं पाणी वाहत होतं.

बऱ्याच वेळाने त्याने खिशातून तो सहीचा कागद काढला. "हे मले नाही पाहिजे. पोरगी अकोल्याले जाईन."

"नाही." सुभद्राचा आवाज एकदम कडक झाला. "माझ्यासाठी अकोला नको अन् तुझ्यासाठी पुणं नको. तवा आपल्या घरात कोनीच कोनाले काही इचारलं नाही रे, म्हून हे सारं झालं. मले जर कोनी म्हनलं असतं, सुबे, तुले काय पाहिजे, तर मी सांगतलं असतं. तू पोरीले इचारलं एकदा तरी?"

अमोलच्या मागे, गल्लीत उभ्या केलेल्या मोटारसायकलशी आचल उभी होती. बापाने वळून पाहिलं.

"बोल बेटा. तुले काय पाहिजे?"

"अकोला," ती म्हणाली. "स्वस्त आहे म्हणून नाही, पप्पा. मागच्या महिन्यात मैत्रिणीसोबत जाऊन पाहून आले मी. तिथे शेत आहे. पुण्यात मला फक्त इमारत दिसली. पण तुम्ही पुण्याचं नाव घेताना इतके खूश दिसायचे..."

"अन् कोनी हसलं तर?"

"मी 'मले' म्हणूनच बोलीन. हसतील त्यायचं त्यायच्याजवळ."

शालिकराम आतून लंगडत आला. "रडणं झालं असंन तर निघा. बडनेऱ्याहून गाडी आहे. तो डबा द्या इकडं, भरून देतो. पोळ्या मी लाटल्या, आकार पाहू नका."

अकोल्याला आवारातली झाडं अजून होती, आणखी मोठी झालेली. आचल रांगेत उभी राहिली. सुभद्रा तिच्या शेजारून हलली नाही. पुढे दोनच मुलं उरली तेव्हा तिने नकळत भाचीचं मनगट घट्ट धरलं, आणि खिडकी समोर आल्यावरच सोडलं. पावती हातात पडली. बाहेर येऊन तिघांनी झाडाखाली डब्याचे तीन पुडे मांडले, आणि शालिकरामच्या पोळ्यांचे नकाशे भाजीशी खाल्ले.

स्टेशनाच्या वाटेवर अमोलने रिक्षा एका भांड्यांच्या दुकानापाशी थांबवली. डबा धुऊन आणला होता. कारागिराने झाकण उलटसुलट पाहिलं. "जुनं नाव निघनार नाही भाऊ."

"काढायचं कोनाले आहे?" अमोल म्हणाला. "त्याच्याखाली घाला. कु. आचल हिस. कृषी महाविद्यालय, अकोला."

"कोनाकडून?"

अमोलने बहिणीकडे पाहिलं. मग त्याने नाव पूर्ण सांगितलं. "सुभद्रा सूर्यभान गावंडे हिच्याकडून."

यंत्र घरघरलं. तोच आवाज, बाबांनी धीर न धरता ऐकलेला. सुभद्राने पदराच्या टोकाने अक्षरांवरचा चुरा पुसला, झाकण उन्हात धरून एकदा वाचलं, आणि डबा आचलच्या हाती दिला.

"चला आता," ती म्हणाली. "संध्याकाळी चाळीस पोरं जेवाले येतील, अन् मानूस एकटा कांदे चिरत बसला असंन."