बारावी कुंडी

अंधाऱ्या खोलीची ताईला इतकी सवय होती, की दिव्यावाचूनही तिचं काही अडलं नसतं. सातवा महिना लागला, घरचे ओरडत होते, तरी तिनं प्रयोगशाळेतलं काम सोडलं नव्हतं. बाई हट्टी! रोज भर दुपारी बारा वाजता मिणमिणता हिरवा दिवा लावायचा आणि घेवड्याच्या अकरा रोपांना तापल्या सुईचा चटका द्यायचा, एकेका पानाला. चटक्याची बातमी देठातून इतर पानांना पोचे, आणि प्रत्येक रोपाला वायरनं जोडलेलं पेन कागदावर उडे. बारावी कुंडी तुलनेसाठी होती. तिला बोटही लावायचं नाही, असा साहेबांचा दंडक होता.

सोमवारी मोजताना गफलत झाली. चटका बाराव्या रोपाला बसला, आणि त्याच क्षणी पोटात बाळानं जोराची लाथ मारली. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून ताई गप्प बसली.

मंगळवारी बारावं पेन थांबेचना. टक्‌टक्‌, टक्‌टक्‌... मिनिटाला एकशे चाळीस. हा ठोका तिच्या ओळखीचा होता. डॉक्टरीणबाईंनी आठवड्यापूर्वीच तो ऐकवला होता.

तिनं साहेबांपाशी सगळं कबूल केलं. ते रागावले नाहीत, उलट हसले. रोपाचं पान दिवसातून एकदा वर जातं, एकदा खाली येतं, इतकी घाई त्याला कुठली, म्हणाले. वायर सैल असेल. आणि तिची खात्री पटावी म्हणून त्यांनी सुई तापवली.

"साहेब, नको... हात जोडते."

"अहो, काही होत नाही."

चर्रर झालं. पोटात एक लाथ बसली. टक्‌टक्‌ थांबली, पेन सरळ रेघ ओढू लागलं. साहेबांनी वायर उपटली आणि तिला घरी जाऊन आराम करायला सांगितलं.

संध्याकाळपर्यंत पोट हललं नाही. डॉक्टरीणबाईंनी यंत्र इकडून तिकडे फिरवलं, पुन्हा फिरवलं, आणि मग तिच्या नवऱ्याला आत बोलावलं. ताई रडली नाही. मला आधी प्रयोगशाळेत न्या, एवढंच तिनं नवऱ्याला सांगितलं.

साहेब हिरव्या दिव्याखाली बसले होते. उपटलेली वायर टेबलावर तशीच पडलेली.

"बंदच होत नाहीये..." ते पुटपुटले.

टक्‌टक्‌, टक्‌टक्‌.

ताईनं कुंडी अलगद उचलून मांडीवर घेतली. तेव्हा कुठे पेन जरा संथ झालं.