ताईच्या गाडीचं तोंड

अहो साहेब, ते फडकं तिथे नका टाकू. माझ्या डोक्यावर टाका, पण कोपऱ्यातल्या त्या इंजिनावर नको. बसा त्या स्टुलावर. तुमच्या गाडीचं ऑईल निथळेपर्यंत सांगतो, मग हवं तर हसा.

माझी मोठी बहीण भाड्याची गाडी चालवायची. तिचं इंजिन बसलं, म्हणून भंगारवाल्याकडून हे आणलं. आतून लख्ख. भानगड एकच होती. इंजिन ज्यातून हवा ओढतं ना, आम्ही त्याला इनटेक म्हणतो, त्याचं तोंड कुणीतरी पत्रा लावून वेल्डिंगनं बंद केलेलं. तेसुद्धा थरावर थर देऊन. भंगारवाल्याला विचारलं तर म्हणाला, "माझ्याकडे आलं तेच असं. ज्यानं बंद केलं तो वेडा नव्हता, एवढं सांगतो."

मी म्हटलं, मला नको शिकवूस. तो इनटेक काढून त्याच्याच ढिगात भिरकावला आणि ताईच्या जुन्या इंजिनाचा इनटेक याला बसवायला घेतला. भोकं कसली जुळतायत! शेवटी ॲल्युमिनियमची जाड पट्टी कापली, नवी भोकं पाडली, कानशीनं घासून दोघांच्या मध्ये घातली. ताई चहा घेऊन आली आणि वाकून बघायला लागली.

"काय रे, पोट परक्याचं आणि तोंड माझ्या गाडीचं?"

"तुझं तोंड कुठेही चालतं," मी म्हटलं. "बंद कधी असतं?"

पाठीत एक धपाटा घातला आणि हसत सुटली. त्यानंतर तिला तसं हसताना मी पाहिलं नाही.

ती गाडीत बसली, चावी फिरवली. पहिल्या झटक्यात इंजिन सुरू. इतका सरळ, मऊ आवाज मी आयुष्यात ऐकला नव्हता. मग नेहमीप्रमाणे इनटेकच्या तोंडावर तळहात घट्ट दाबला. हवा तुटली की इंजिन गुदमरून बंद पडायलाच हवं. नाही पडलं, तर जोडात फट आहे आणि ते दुसरीकडून हवा खातंय, हे कळतं.

इंजिन चालूच राहिलं. माझा हात आत ओढला जात होता, कातडी दुखत होती, तरी चालूच. म्हटलं, पट्टीत फट राहिली. दुसऱ्या हातानं सगळ्या कडेवर पाणी मारून पाहिलं. एक थेंब आत जाईना. मग हे हवा खातंय कुठून?

"ताई, रेस दे जरा..."

रेस वाढेना. उघड्या बॉनेटमुळे ती दिसत नव्हती. हात तसाच दाबून मी बाजूनं मान वाकवली. तिचं तोंड उघडं होतं, ओठ निळे पडलेले, दोन्ही हात गळ्याशी. छाती आत आत चालली होती, बाहेर येतच नव्हती... आणि इंजिन मजेत फिरत होतं.

मी हात उचलला, तसा तिनं श्वास घेतला.

दुसऱ्या दिवशी इंजिन काढून इथे ठेवलं आणि धूळ बसू नये म्हणून वर गोणपाट टाकलं. वरच्या खोलीत ताई कोसळली. गोणपाट काढलं, सावरली. डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या, कुणाला काही सापडलं नाही. पट्टीचे बोल्ट सैल करायला गेलो, तर वरून अशी किंचाळी आली की पाना हातातून पडला. मग तो वेल्डिंगवाला इनटेक आणायला भंगारवाल्याकडे धावलो. तो इनटेक केव्हाच वितळवायला गेला होता. मीच भिरकावलेला, साहेब. कुणाला शिव्या घालू?

आता तोंडावर नुसती पातळ मलमल बांधतो, किडा-मुंगी आत जाऊ नये म्हणून. तिच्यातून ताईला श्वास पुरतो.

ऐकलंत? वर खोकली. फडकं उचला आधी... उचललंय? तुमच्या हातात आहे? मग ती अजून का खोकतेय?

तो हातदिवा इकडे धरा. ही मलमल सकाळीच धुऊन बांधली होती, आणि हा काळा डाग बघा. तळहात आहे हा. रेषासुद्धा उमटल्यात... नाही हो, माझा नाही. नीट बघा, तो आतल्या बाजूनं दाबलाय.