टेप खाली, मशीन वर

मी माडीवर आले तेव्हा माझ्या खुर्चीवर एक परका माणूस बसला होता, आणि माझ्या कॉम्प्युटरचं मागचं झाकण त्याच्या मांडीवर होतं.

"याला टेप ड्राइव्ह कुठाय?" त्याने मान वर न करताच विचारलं.

"नाहीये. आणि आमच्या बुऱ्हाणपुरात आधी नमस्कार करतात."

त्याने वर पाहिलं... आणि झाकण मांडीवरून घसरून खाली पडलं. दिसायला बरा होता. चांगलाच बरा होता, खोटं कशाला बोलू!

"नमस्कार. मी दिगंबर, इंदूरहून. कॉम्प्युटर कंपनीने पाठवलंय. तुम्ही शारदाजी ना?"

ही त्र्याण्णव सालची गोष्ट. मोतीलालशेठच्या पॉवरलूम कारखान्यात मी कॉम्प्युटरवर साड्यांच्या किनारी काढायचे. लोधीपुऱ्यातली पोरगी मशीनवर नक्षी काढते याचं गल्लीला अप्रूप होतं आणि मला तोरा. पण किनारींचा नवा प्रोग्रॅम आला आणि माझ्या मशीनची जुनी सिस्टिम त्याला चालेना. नवी सिस्टिम टेपवर आली होती, आणि टेप लागायची फक्त खाली, शेठच्या ऑफिसातल्या मशीनला. शेठनी सांगून टाकलं होतं, आज संध्याकाळपर्यंत जमलं तर ठीक, नाहीतर माडीवरचं मशीन कंपनीला परत. मशीन गेलं की मीही घरी.

"मग खालचा ड्राइव्हच उचलून आणू या की!"

"तो त्या मशीनच्या पोटात बसवलेला आहे, शारदाजी. आपल्याकडे नाही ते शेजारणीकडून मागायचं. टेप खाली वाचली जाईल, सिस्टिम दोन्ही मशीनना जोडणाऱ्या या तारेतून वर येईल."

"विरजण मागतात तसं?"

तो हसला. "एकदम सही! फक्त शेजारणीने द्यायला पाहिजे ना..."

शेजारीण काही देईना. दुपार झाली. तो जिना चढउतार करून घामाघूम झाला. दर फेरीला माझ्याकडे बघायचा, आणि मी बघतेय असं दिसलं की घाईने तारेकडे. मी मावा जिलेबी मागवली.

"काम झाल्यावर खाईन," तो पडलेल्या आवाजात म्हणाला.

"होऊन जाईल हो. मी आहे ना!"

मग मीच ती तार हाताने चाचपत खालपासून वरपर्यंत आले. माझ्या टेबलामागे तिचं टोक उघडंच होतं. "इथे काही असतं का?"

"टोपण!" त्याने कपाळावर हात मारला. "शेवटच्या टोकाला छोटं टोपण लागतं. ते नसलं तर तारेतून काहीच जात नाही. कौन ले गया यार?"

झाडलोट करणाऱ्या मथुराबाईंना हाक मारली. त्यांचं सगळं आयुष्य लूमवर गेलेलं.

"ते व्हय? कशालेच जोडेल नव्हतं, लोंबत व्हतं नुसतं," त्या म्हणाल्या. "लूमवर लोंबतं टोक कोन ठेवते का बाई? काढून टाकलं म्या." आणि बॉबिनच्या खोक्यातून त्यांनी टोपण काढून दिलं.

दिगंबरने ते घट्ट पिळून बसवलं आणि खुर्ची माझ्याकडे सरकवली. "बसा. आता तुम्ही करा."

"मी?"

"तुम्हीच म्हणालात ना — मी आहे ना!"

तो मागे उभा राहून सांगत गेला, मी टाइप करत गेले. "तिथे नाही... हां, इथे —" त्याचं बोट माझ्या बोटाजवळ आलं आणि थबकलं. पडद्यावर ओळी सरकू लागल्या. खाली लूमची खटखट चालली होती आणि माझ्या छातीत त्याहून जोरात. ऊन उतरायच्या आत माझी मोरांची किनार नव्या प्रोग्रॅममध्ये उघडली. शेठ वर आले, नाकावर चष्मा चढवून बघत राहिले. "रहने दो मशीन," म्हणाले आणि उतरून गेले. मला तर नाचावंसं वाटलं!

दिगंबर बॅग आवरत होता. "पुढची टेप आली की तुम्हीच चढवा. कंपनीच्या माणसाची गरज नाही आता."

आनंद व्हायला हवा होता. मला रागच आला. "म्हणजे तुम्ही परत येणार नाही! मग शिकवलंत कशाला?"

त्याने जिलेबी उचलली, पण खाल्ली नाही. "कंपनीने पाठवलं की मशीनसाठी यावं लागतं. मला... मशीनसाठी यायचं नाहीये."

मी उगाच जिलेबीचा पुडा परत बांधायला घेतला.

"रविवारी यायचं म्हटलं तर... कुणाला विचारावं लागेल?"

"आईबाबांना नंतर. आधी मला."

"मग विचारतो, शारदा... येऊ?"

"सकाळच्या पहिल्या बसने या," मी म्हणाले. "नंतरची फार उशिरा पोचते."