नायलॉनचे मोजे आणि क्लेमचे हात

साहेब, तुम्ही खोटं लिहिलंत.

क्लेम रडकिन स्वतःच्या निष्काळजीपणाने मेला, असं तुमच्या खाण-कचेरीच्या चौकशीचा निकाल म्हणतो. तो खाणीत हातमोजे घालायचा, म्हणून कोसळण्याआधीची छताची थरथर त्याच्या हातांना कळली नाही, म्हणे. ते हातमोजे त्याला कुणी दिले आणि कशासाठी, हे विचारायला तुम्हाला सवड झाली नाही. मी सांगते. मी दिले. मी मेव्हिस टॅन्सली, धुलाईच्या दुकानात काचेमागे बसून बायकांचे नायलॉनचे लांब मोजे सांधते. माझी शाळा चौदाव्या वर्षी सुटली, तेव्हा कचेरीला शोभणारी भाषा मला येत नाही. तरी वाचा.

तो आला तेव्हा बाहेर भुरभुर पाऊस होता आणि काच आतून धुरकटली होती. मी आकडीच्या सुईने एक एक टाका वर चढवत होते. काचेवर टकटक झाली. बाहेर एक उंच माणूस, टोपीवरून पाणी ठिबकतंय, आणि तळहातावर मोजा असा धरलेला, जसं काही मेलेलं पाखरू.

"बहिणीच्या लग्नाचे आहेत," तो आत येत म्हणाला. "कसे दिसतात म्हणून नुसते हातात घेतले… तर धागा सुटून ही उसवणीची शिडी पडली. घोट्यापासून थेट वर. मी काहीच केलं नाही, बदके!"

आमच्याकडे भाजीवालीपासून पाद्र्यापर्यंत सगळे सगळ्यांना लाडाने 'बदके' म्हणतात. पण तो म्हणाला तेव्हा माझी सुई टाक्यातून निसटली.

"हात दाखवा," मी म्हणाले.

"भविष्य सांगतेस?"

"गुन्हा तपासतेय."

त्याने हात पुढे केला. काय हात होते ते! भेगा, घट्टे, आणि कातडीखाली कोळशाचे निळे डाग, कायमचे. मी माझ्या बोटाने त्याचा अंगठा चाचपला.

"हा बघा गुन्हेगार. या नखाच्या कडेत धागा अडकला. नायलॉनला कानस लावल्यासारखं झालं."

"मग बायका कशा घालतात हे?"

"सुती हातमोजे घालून. आधी मोजा पंजापर्यंत गोळा करायचा, मग हळूहळू वर सोडायचा. ओढायचा नाही. धुताना कोमट पाणी, साबणाचा चुरा. पिळायचा नाही, टॉवेलात गुंडाळून दाबायचा. आणि शेकोटीजवळ कधी वाळत घालायचा नाही."

"एवढी काळजी माझी आईसुद्धा माझी घेत नाही."

"तुम्हाला शिडी पडत नाही ना."

तो हसला. दात सोडून सगळा चेहरा कसा करडा होता, कोळसा धुतल्यावर होतो तसा. मी मोजा सांधून दिला.

पुढच्या आठवड्यात तो पुन्हा आला. तोच मोजा. शिडी दुसऱ्या जागी. मग पुन्हा. तिसऱ्या वेळी मी मोजा उजेडात धरला.

"क्लेम रडकिन, ही शिडी नखाने पडलेली नाही. कात्रीने कापलंय हे."

त्याचे कान लाल झाले. "बहिणीचं लग्न होऊन गेलं," तो म्हणाला. "मोजे तिने मला देऊन टाकले. आता तुझ्याकडे यायचं तर काहीतरी फाटायला हवं ना…"

"वेड्या. नुसतं आला असतास तर काचेने अडवलं असतं का?"

त्या शनिवारी आम्ही खाणकामगारांच्या सभागृहात नाचायला गेलो. दारात मी थांबले आणि आमच्याकडच्या सगळ्या मुली आपापल्या माणसाला विचारतात तेच विचारलं, "मोज्यांची मागची रेघ सरळ आहे का?"

तो खाली वाकला. खूप वेळ वाकलेलाच.

"डावी जरा वाकडी आहे."

मी रेघ सरळ केली. "आता?"

"आता उजवी."

"खोटारडा!"

"हो," तो म्हणाला. "पण पाय फार खरे आहेत."

नाचताना त्याने माझ्या पाठीवर हात ठेवला आणि लगेच उचलला. माझ्या झग्याचं कापड त्याच्या बोटाला चिकटून आलं होतं. पोचवायला आला तेव्हा फाटकाशी म्हणाला, "मेव्हिस, मी ज्याला हात लावतो ते उसवतं गं."

तेव्हा मी त्याला माझ्या बाबांचे कातड्याचे हातमोजे दिले. फावडं मारताना, कोळशाचे डबे ढकलताना घाल, म्हटलं. आणि घरी आल्यावर तेलात साखर कालवून हातांना चोळ. साखर अजून कूपनावर मिळते, हे तुम्हाला माहीत असेल. त्याच्या आईने घर डोक्यावर घेतलं.

"चहाला साखर नाही, आणि हा राजपुत्र तिच्यात हात घोळतोय!" मिसेस रडकिन माझ्यासमोरच ओरडल्या. "उद्या अंगाला मुरंबा फासशील!"

"मुरंबा चिकटतो, आई."

"तीच चिकटलीय तुला, मुरंब्याची काय गरज!"

खाणीतले तर काय, त्याला 'बाईसाहेब' म्हणायला लागले. तो हसत असे. आणि त्याचे हात हळूहळू… काय सांगू साहेब, निळे डाग तसेच राहिले, पण भेगा मिटल्या. एका रविवारी त्याने माझा नवा मोजा उचलला, मुठीत घेतला, आणि तसाच माझ्या मांडीवर ठेवला. एक धागाही हलला नव्हता.

"आता लग्न करशील?" तो म्हणाला.

"मोज्याशी?"

"मेव्हिस…"

"हो रे. हो."

लग्नाआधी तीन रविवार वाचतात तशी चर्चमध्ये आमची नावं वाचली गेली. कुणाची हरकत आहे का, असं पाद्र्यांनी विचारलं तेव्हा मागून सेपकाका खोकले. सगळे हसले. सेपकाका म्हणजे क्लेमसोबत एकाच जागी कोळसा तोडणारे म्हातारे. नावं पुन्हा एकदा वाचायची राहिली होती. त्याच्या आधीच्या गुरुवारी, भर दुपारी, खाणीत अपघाताचा भोंगा झाला.

भोंगा झाला की खाणीच्या फाटकाशी बायका उभ्या राहतात. मीही उभी राहिले. तुमच्या माणसाने विचारलं, "नातं काय?" मी म्हटलं, "नावं वाचलीत." तो म्हणाला, "म्हणजे कुणी नाही." मला फाटकाबाहेर ठेवलं. क्लेमला बाहेर आणलं, ते मी गजांमधून पाहिलं. नुसतं पांघरूण दिसलं.

चौकशीतही मी कुणीच नव्हते. मागच्या बाकावर बसले. तुम्ही सेपकाकांना विचारलंत, "मृत हातमोजे घालत असे का?" ते म्हणाले, "घालायचा, पण…" तुम्ही म्हणालात, "पुरे."

पुरे!

बाहेर पडताना मिसेस रडकिन माझ्यासमोर आल्या. "तुझ्या नाजूकपणाने गेला माझा पोरगा," त्या म्हणाल्या. मी मान खाली घातली. कारण साहेब, मलाही तेच वाटत होतं. एक महिना मला तेच वाटत होतं. सुई हातात घेतली की टाके चुकायचे. आपल्या माणसाचे हात मऊ व्हावेत असं वाटलं, आणि त्याच मऊपणाने त्याला मारलं… असं मनात घेऊन जेवून बघा एकदा.

मग सेपकाका दुकानात आले. मोजा नव्हता त्यांच्याकडे. टोपी हातात चुरगळत उभे राहिले.

"पोरी, छताखाली खांब रोवताना हातमोजा कोण घालतं?" ते म्हणाले. "पाचर बसली की नाही ते बोटालाच कळतं. क्लेम दर वेळी काढायचा, पट्ट्याला खोचायचा. त्या दिवशीही काढले असणार. मी डबा आणायला मागे गेलो होतो, डोळ्यांनी नाही पाहिलं. शपथ कशी घेऊ?"

मी दुकानाला कुलूप लावलं आणि त्यांना घेऊन थेट मिसेस रडकिनच्या घरी गेले. त्यांनी दार अर्धंच उघडलं.

"काय हवंय?"

"एकच विचारते, मग जाते. तुम्ही त्याला धुतलंत. हात धुतले तेव्हा पाणी कसं होतं?"

त्यांना वाटलं मला वेड लागलंय. पण मी आयुष्यभर कोमट पाण्यात कपडे बुडवत आलेय, साहेब. कुठला मळ वरवरचा आणि कुठला खोल गेलेला, हे पाणी सांगतं.

"काळं," त्या म्हणाल्या. "बदललं, तरी काळं. नखांत, रेषांत… सगळीकडे." आणि बोलता बोलता त्या थांबल्या. "तो घरी यायचा तेव्हा मनगटापर्यंत काळा आणि तळवे बरेच स्वच्छ असायचे. हातमोज्यांमुळे. मी चिडवायचे त्याला, बाळाचे तळवे म्हणून…"

"आणि त्या दिवशी?"

"त्या दिवशी तळवे काळे होते." त्यांनी माझा हात धरला. इतका घट्ट की दुखलं. "मेव्हिस, उघड्या हातांनी होता तो. उघड्या हातांनी!"

सेपकाका पायरीवर बसले होते. त्यांनी उरलेलं सांगितलं. त्या आठवड्यात ते दोघे रोज नवे खांब मागत होते. वरून निरोप आला, नवं लाकूड नाही, मागे लावलेले काढून पुढे लावा. क्लेम तडकलेला खांब पुन्हा उभा करत होता. छताची थरथर त्याला कळली असेल, साहेब. त्याच्या बोटांना धाग्याचा ताणसुद्धा कळायचा. पण नुसतं कळून छत तोललं जात नाही, त्याला खालून लाकूड लागतं.

मी हे तीन माणसांच्या नावाने लिहितेय. सेपकाकांनी खाली खूण केलीय. मिसेस रडकिननी सही केलीय, आणि माझ्या नावापुढे त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलंय: 'माझी सून'. आता फाटकावरच्या माणसाला नातं विचारायची गरज नाही.

तुमचं सांत्वन नको. भरपाईचं नंतर बघू. निकालातला 'निष्काळजीपणा' हा शब्द खोडा, आणि एवढंच सांगा: त्या गुरुवारी खाली लाकूड का गेलं नाही? ते कुणी थांबवलं? त्याचं नाव काय?