शिवण अखंड

चहाचा कप घेऊन तो दुरुस्तीच्या खोलीत शिरला आणि ती अशी काही ओरडली, की कप हातातून निसटला नाही हेच नशीब.

"बाहेर! हजार वर्षांचं चामडं आहे टेबलावर!"

"सोळाशे," तो दारातूनच म्हणाला. "आणि मी त्याच्यासाठीच आलोय."

अशी झाली ओळख. ग्रंथालयाच्या तळघरात ती जुनी पानं सांधायची. तो गावोगाव हिंडून ख्रिस्ती धर्मग्रंथातल्या शुभवर्तमानाच्या हस्तलिखित प्रती ताडून बघायचा — कुठल्या नकलेत काय गळलं, कुणी पदरचं काय घुसडलं, आणि विश्वास ठेवण्याजोगं मूळचं किती उरलं. त्याचा कामातला जोडीदार आजारी पडला, तेव्हा ते काम हिच्या गळ्यात आलं. तिने नाक मुरडलं खरं, पण होकार मात्र लगेच दिला!

पद्धत सोपी होती. तो छापील पाठ मोठ्याने वाचणार, ती चर्मपत्रावर नजर फिरवणार. काही चुकलं, की तिने पेन्सिलीने टेबलावर एकदा वाजवायचं.

तिसऱ्या दिवशी तो एक ओळ गाळून पुढे गेला. दोन ओळींचा शेवट सारखा असला की नजर घसरते. जुन्या नकलाकारांचीही अशीच घसरायची.

टक्.

"बरोबर पकडलंत हं!" तो हसला.

तिने काहीच पकडलं नव्हतं. ती त्याच्या पापण्यांकडे बघत होती... आणि पेन्सिल तिच्या अंबाड्यात खोवलेली होती.

मग ते रोजच होऊ लागलं. तो चुकला रे चुकला, की टक्. मानेवर गार श्वास आल्यासारखं वाटायचं. "पाइप असेल," तो म्हणायचा. "या भिंतीत पाइप नाहीत," ती म्हणायची. दोघांच्या खुर्च्या मात्र दिवसेंदिवस जवळ सरकत गेल्या.

"भुताला घाबरतेस की त्याला?" घरी सगळं ऐकून ताईने विचारलं.

शेवटच्या दिवशी शेवटचं पान आलं. पहाटे प्रभूच्या थडग्यापाशी गेलेल्या बायका, रिकामं थडगं, त्यांचं पळत सुटणं... आणि मजकूर संपला. खाली नुसतं कोरं चामडं.

"नंतरच्या प्रतींत पुढे बरंच आहे," तो म्हणाला. "इथे नाही. लिहिणारा इथेच थांबला, की पुढचं पान निसटलं? बांधणीची शिवण तुम्ही तपासलीय. निसटलं असेल, तर सगळी बांधणी उसवून बघावी लागेल. मी महिनाभर राहीन. नाहीतर आज संध्याकाळची गाडी."

शिवण अखंड होती. तिला पक्कं ठाऊक होतं. पण महिनाभर...

"निसटलंय," ती म्हणाली.

टक्.

दोघांचे चारही हात टेबलावर, समोर दिसत होते. आवाज पानाखालून आल्यासारखा वाटला. तिच्या अंगावर सर्रकन काटा आला.

"खोटं बोलले मी," ती पुटपुटली. "शिवण अखंड आहे. गोष्ट इथेच थांबते."

"हे खोटं माझ्या वहीत गेलं असतं. लोकांनी वर्षानुवर्षं खरं मानलं असतं." त्याचा आवाज कोरडा झाला होता. "का बोललात?"

"तुम्ही जाल म्हणून... तुम्ही मला हवे आहात म्हणून."

तो पानाच्या शेवटच्या ओळीवर वाकला.

"भीतीने त्या बायका कुणाला काही बोलल्या नाहीत, असं इथे लिहिलंय," तो हळूच म्हणाला. "मग गोष्ट आपल्यापर्यंत आली कशी? सहा वर्षं डोकं खाजवतोय मी."

"नंतर बोलल्या असतील. भीती गेल्यावर."

"तुमची गेली?"

"छे हो," ती म्हणाली. "तरी बोललेच ना!"

त्याने वहीत स्वच्छ अक्षरात 'शिवण अखंड' असं लिहिलं, खाली तिची सही घेतली, आणि संध्याकाळची गाडी खुशाल जाऊ दिली.