बिनकारणाचा... ओव्हर!

हात आधी दाक्षायणीचाच पडला होता. शंभर टक्के आधी! पण भंगारबाजारातल्या त्या खोक्याच्या दुसऱ्या टोकाला आणखी एक हात होता, आणि तो सोडायला अजिबात तयार नव्हता.

"काय ओ, सोडा की! खोकं मी धरलंय आधी."

"खोकं तुमी धरलंय. मी आतला सेट धरलाय," हातवाला म्हणाला.

तिनं वर पाहिलं आणि... अय्यो! घामानं निथळणारा, तरी हसणारा चेहरा. सोलापूरच्या एप्रिलात भर दुपारी हसणारा माणूस एक तर वेडा असतो, नाहीतर बाहेरगावचा. हा बार्शीचा निघाला. महेश्वर नाव, घरची धान्याची अडत.

खोक्यात एका बंद पडलेल्या टॅक्सी कंपनीचे वायरलेस सेट होते.

"काय करणार ह्यांचं?" तिनं विचारलं.

"एक दुकानात ठेवीन, एक गोदामात. बोलत बसीन की दिवसभर."

"पोलीस येतील."

"बोलायला?"

"न्यायला!" दाक्षायणी तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्स शिकवायची, तेव्हा समजावल्याशिवाय तिला राहवेना. "हे टॅक्सीवाल्यांच्या फ्रिक्वेन्सीवर बांधलेत. आम्हा हॅमवाल्यांच्या, म्हणजे हौशी रेडिओवाल्यांच्या पट्ट्यात आणायचे तर आतून बदलावे लागतात. वर परीक्षा देऊन परवाना काढावा लागतो. माझ्याकडं आहे." शेवटचं जरा मान उडवूनच. "आणि परवाना मिळाला तरी हवेत धंद्याचं बोलायचं नसतं."

"मग काय बोलायचं?"

"बाकी सगळं."

"बाकी सगळं मला येत न्हाई," तो म्हणाला, आणि पहिल्यांदाच त्यानं खोकं सोडलं. "तुमी शिकवाल?"

आता ह्यावर शहाण्या मुलीनं काय म्हणावं? "बघू," ती म्हणाली. घरी पोचेपर्यंत ते खोकं त्याच्याच खांद्यावर होतं.

मग दर रविवारी सकाळच्या एस.टी.नं महेश्वर शुक्रवार पेठेत तिच्या घरी हजर. एका रविवारी एक सेट उघडायचा. जुना क्रिस्टल काढून नवा बसवायचा आणि मग आतल्या इवल्याशा कॉइल एकेक करून सुरात आणायच्या. लोखंडी पेचकस जवळ नेला तरी त्यांचा सूर बिघडतो, म्हणून दाक्षायणीनं आईची प्लॅस्टिकची विणकामाची सुई घासून पेचकस केला होता. एरियलच्या जागी गाडीचा बल्ब लावायचा. सूर जुळत गेला की उजेड वाढतो.

"वाढतोय का?" ती मान खाली घालून सुई फिरवायची.

"वाढतोय."

"अजून?"

"लई वाढतोय."

"मी बल्बचं विचारतेय!"

"मग मी कुटं दुसऱ्या कशाचं सांगतोय?"

ती वर बघायची, तर पठ्ठ्याची नजर बल्बवर नसायचीच! स्वयंपाकघरातून तिची आई सुंदरम्मा खाकरायची, आणि एक कॉइल हमखास बिघडायची.

शेजारचे धर्मपालकाका रेल्वेच्या दूरसंचार खात्यातून निवृत्त झालेले, शहरातले सगळ्यांत जुने हॅम. त्यांनी महेश्वरची परीक्षेची तयारी करून घेतली. त्यांचा एकच धोशा असे, "हवेत बोलायचं ते उघड, साध्या भाषेत. चोरूनमारून काही नाही. सगळं गाव ऐकतं, हे ध्यानात ठेव."

शेवटचा सेट झाला, तेव्हा महेश्वर बराच वेळ तो पुसत बसला. पुसण्यासारखं त्यावर काही उरलं नव्हतं.

"परवाना आला की पहिल्या कॉलला एक गोष्ट विचारीन म्हणतो," तो म्हणाला.

"आत्ता विचारा की."

"आत्ता... घसा बसलाय."

मेला खोटारडा! ती चिडली, हसली, आणि तो आपल्या वाटचा सेट घेऊन गेल्यावर रडलीसुद्धा. कारण सरळ होतं. खोकं रिकामं झालं होतं. त्यानं विचारलं नाही तर रविवारच्या एस.टी.तून आता उतरणारं कोणी नव्हतं, आणि तिला तर तो हवा होता — अगदी जन्माचा हवा होता.

महेश्वरचा परवाना आला. त्या संध्याकाळी दाक्षायणी नवी साडी नेसून सेटपुढं बसली. रेडिओवर साडी दिसत नाही, हे तिला कोण सांगणार? खरखर... खरखर... आणि मग बार्शीच्या गच्चीवरून, वाऱ्यातून तुटत तुटत आवाज आला. कॉलसाइन वगैरे अगदी नियमाप्रमाणं सांगून झालं.

"सेट संपले. मला आता तुमच्याकडं यायला कारण न्हाई उरलं. मी... बिनकारणाचा येत राहिलो, तर चालंल का? म्हणजे... जन्मभर? ओव्हर."

एरवी फडाफडा मराठी बोलणारी पोर, पण असं आतून भरून आलं की तिच्या तोंडी घरचं कन्नडच यायचं. तिनं बटन दाबलं आणि कशीबशी म्हणाली, "हौद... हौद! ओव्हर."

हौद म्हणजे हो.

पलीकडं शांतता. नुसती खरखर. ती थांबली. पदर बोटाला गुंडाळून सोडला, परत गुंडाळला. हो म्हटल्यावर पळून गेला की काय माणूस? घाबरला? सुंदरम्मा दारात येऊन उभी राहिली. दाक्षायणीच्या डोळ्यांतून पाणी ओघळणार, एवढ्यात धापा ऐकू आल्या.

"हॅलो... चढलो! गच्चीवरच्या पाण्याच्या हौदावर चढलो, सेट, बॅटरी, एरियल सगळं घेऊन. एक पाय आत गेला, पण असू द्या. आता नीट येतंय का आवाज? प्रश्न परत विचारू का? ओव्हर."

"ब्रेक, ब्रेक!" मध्येच धर्मपालकाका घुसले. "परत विचारू नका हो, बार्शीवाले! आमच्या पाठ झालाय."

मागून आणखी कोणीतरी खो-खो हसलं. म्हणजे खरंच सगळं गाव ऐकत होतं! दाक्षायणीचे कान तापले. पण आता लाजून भागणार नव्हतं. तिनं बटन असं दाबलं की टेबल हललं.

"अहो शहाणे! हौद म्हणजे कन्नडात हो! हो म्हणाले मी! या, जन्मभर या! आणि आधी त्या पाण्यातून पाय काढा. ओव्हर!"

"हो?" पलीकडचा आवाज एकदम बारीक झाला. "दाक्षायणी... खरंच हो?" मग मोठा धप्प आवाज आला आणि सेट बंद पडला. दुसराही पाय गेला असावा.

पुढच्या रविवारी महेश्वर भिजलेला सेट काखोटीला मारून आला. सुंदरम्मानं त्याला हसतहसत पाट दिला आणि मुद्दामच दोघांना सोडून आत गेली.

"आधी कन्नड शिकवा," तो म्हणाला. "न्हाईतर लई महागात पडंल. 'ये'ला काय म्हणायचं?"

"बा."

"जेवणाला?"

"ऊटा."

"आणि 'नाही'ला?"

दाक्षायणीनं सुई खाली ठेवली. त्याच्याकडं बघत राहिली... बघतच राहिली.

"ते मी तुम्हाला शिकवणारच नाही," ती म्हणाली.