थंड खोलीचा मिनी पीसी

पटो न पटो, हे माझ्याच घरात घडलंय. ऐन उन्हाळ्यातला रविवार, दुपारचे तीन. लखलखीत ऊन होतं, त्यामुळे अंधारात भास झाला म्हणायलाही जागा नाही.

मला घरी मीडिया सर्व्हर करायचा होता. म्हणजे सगळे सिनेमे, घरचे जुने व्हिडिओ एका डब्यात भरायचे आणि टीव्हीवर बघायचे. त्याला जुना, स्वस्त मिनी पीसी पुरतो.

जुन्या कॉम्प्युटरच्या दुकानात गेलो. दुकानदाराने तीन काढून ठेवले. एकाचा पंखा घरघरत होता. दुसरा वीज खाणारा. तिसरा जाड पुस्तकाएवढा, अगदी मुका.

"हा एका कोल्ड स्टोरेजमधून आलाय. तिथले कॅमेरे याच्यावर चालायचे," तो म्हणाला. "डिस्क नाहीये पण. तुम्हीच टाका."

मी नवीकोरी डिस्क टाकली आणि तो अडगळीच्या खोलीत ठेवला.

पंधरा दिवस काही तक्रार नाही. एकच गोष्ट खटकायची. चालू मशीन हाताला कोमट लागतं.

हे... गार लागायचं.

त्या रविवारी ताई आणि दाजी जेवायला आले. दाजी कोल्ड स्टोरेजचे मॅनेजर. दोन वर्षांपूर्वी त्यांच्याकडे पॅकिंगमधली एक बाई थंड खोलीत अडकून मेली होती. दाजी म्हणायचे, ती न सांगताच आत शिरली, आणि कॅमेरे नेमके बंद होते.

आम्ही विश्वास ठेवला. घरचा माणूस.

जेवण झाल्यावर मी ताईच्या लग्नाचा व्हिडिओ लावला.

टीव्ही काळा झाला.

मग... ठक. ठक. ठक.

लोखंडी दारावर कोणी आतून मारावं तसं.

चित्र आलं. पांढऱ्या भिंती, खोक्यांची रांग. स्वेटर घातलेली एक बाई दाराकडे बोट दाखवत होती.

"साहेब, आतलं हँडल तुटलंय. तीनदा सांगितलं तुम्हाला. आता मी वर कळवणार."

उत्तर देणारा दिसत नव्हता. आवाज मात्र ओळखीचा होता.

"बस मग आत. डोकं थंड होईल."

दार लागलं.

ताईच्या हातातला पेला निसटला. "अहो... हा तर तुमचा आवाज."

"बंद कर ते!" दाजी ओरडले. वायर उपटायला ते स्वतःच अडगळीच्या खोलीत धावले.

त्यांच्यामागे दार धाडकन आपटलं.

त्या दाराला कडी नाही. कधीच नव्हती.

टीव्ही बंद पडला. ठकठक मात्र थांबली नाही... आता ती त्या खोलीतून येत होती.

"उघड रे! इथे कोणीतरी आहे... उघड!"

ताई शेजाऱ्यांना बोलवायला पळाली. मी खांद्याने धडका मारत होतो. दाराच्या फटीतून पांढरी वाफ माझ्या पायांवर येत होती. बर्फासारखी.

ठकठक मंदावली...

मग थांबली.

ताई शेजाऱ्यांना घेऊन आली, तेव्हा दार आपोआप उघडलं. दाजी कोपऱ्यात गुडघे पोटाशी घेऊन बसले होते. ओठ निळे. बाहेर अंगाची लाही होत होती आणि त्यांच्या पापण्यांवर हिम होतं.

डॉक्टरांनी मृत्यूचं कारण लिहिलं, हृदयविकार. डिस्कवर आमच्या व्हिडिओंशिवाय काही सापडलं नाही.

ताईला मी सांगितलंय, शेवटपर्यंत जीव तोडून ढकलत होतो.

ते खोटं आहे.

ती शेजारी गेली होती तेव्हा दार हललं होतं. बोटभर उघडलं होतं. आतून दाजींची बोटं बाहेर आली होती. आणखी एक धक्का पुरला असता.

तेवढ्यात माझ्या कानाशी एक बाई अगदी शांतपणे म्हणाली...

"राहू द्या, दादा."

आणि मी दारावरचा हात काढला.